युरिया भरला का?

३ जुलै, गुरुवार

मंगरूळपीरच्या अलीकडे पुन्हा तो पिवळा दिवा. डिझेल अर्धी टाकी आहे, पण निळ्या झाकणाच्या टाकीचा तळ दिसू लागला. पडद्यावर तेच ठरलेलं वाक्य, इंग्रजीत: इतके किलोमीटर गेल्यावर गाडी सुरू होणार नाही. धमकी द्यायची तर निदान मराठीत द्यावी.

मागच्या सीटवरून दादा, "युरिया नाही भरला का रे मधू?"

"वाशीमले भरतो."

"सकाळीच पाहून घ्यावं ना बापा."

एसटीत अर्धा जन्म स्टिअरिंगवर काढला. आता थोरला भाऊ, ज्यानं बैलाच्या कासऱ्याशिवाय काही हातात धरलं नाही, तो मला गाडी शिकवतो. ऐकून घेतलं.

पेशंटांना दवाखान्यात सोडून पंपावरून बादली घेतली. पंपावर खडूनं लिहिलेली पाटी, 'युरिया मिळेल'. खरं नाव डेफ, डिझेल गाडीच्या धुरासाठीचं पाणी. पण मानोऱ्यापासून वाशीमपर्यंत कोणी डेफ म्हणत नाही, मीही नाही. एक जण मोटारसायकल थांबवून विचारत होता, पोतं केवढ्याला. खताच्या दुकानांपुढे सध्या रांगा आहेत, त्याची काय चूक. पंपावरचा माणूस पोट धरून हसला.

४ जुलै, शुक्रवार

हाजीसाहेबांनी दुकानात बोलावलं. हार्डवेअरचं दुकान त्यांचं, आणि गाडीच्या कमिटीचे तेच प्रमुख. मशिदीवाल्यांनी आणि आपल्या विहाराच्या मंडळानं मिळून ही बारा सीटर घेतली, डायलिसिसच्या पेशंटांना वाशीमला नेण्या-आणण्यासाठी. रोज फेरी. सोमवार-गुरुवारच्या गटात दादा असतो.

खुर्ची दिली, चहा सांगितला. मग, "मधूभाऊ, बुरं नका मानू. आधी युरियाची बादली महिनाभर जात होती. आता महिना निंघायच्या आत दुसरी लागते. लोकं विचारून राह्यले."

"लोकं म्हंजे कोन?"

"लोकं म्हंजे लोकं."

चहा गरम होता की माझे कान, कळलं नाही. तो युरिया मी विकतो असा अर्थ. तोंडावर कोणी म्हणणार नाही. हाजीसाहेबांच्या मनात तसं नाही, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं, तरीही लागलं ते लागलंच. हिशेब काढून सांगतो म्हणालो आणि उठलो.

जेवताना दादानं विचारलं, हाजीसायबानं कायले बोलावलं. "असंच." वहिनी वाढता वाढता थांबली. म्हणजे गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती.

७ जुलै, सोमवार

आज करीमभाई फॉर्मात. मंगरूळच्या चौकात, चहाच्या टपरीपाशी चढतात. शिंपी आहेत. गाडीतल्या सगळ्या पेशंटांच्या सदऱ्यांची डावी बाही त्यांनी उसवून तिला खांद्यापासून मनगटापर्यंत बटणं लावून दिली आहेत, म्हणजे सुई टोचताना सदरा काढावा लागत नाही. तांड्यावरच्या शांताबाईच्या पोलक्यालाही. शिलाई घेतली नाही कोणाकडून.

दादाचा रिपोर्ट मागून घेतला, चष्मा चढवून वाचला, "दादा, ब्लड युरिया तो देखो! लोकं खताच्या रांगेत उभे, अन् तुमी पोतं अंगातच घेऊन फिरून राह्यले."

दादा म्हणे, "तुह्या काय कमी हाये का?"

"आपुन तो चलते-फिरते गोदाम हैं भाई. मेल्यावर वावरातच गाडा मले, पऱ्हाटी कमरेएवढी होईन."

शांताबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी पुढे बघत गाडी चालवत होतो, पण हसू आवरेना.

८ जुलै, मंगळवार

दुसरा गट दवाखान्यात सोडला आणि गजानन मिस्त्रीकडे गेलो. वाशीममधला आपला नेहमीचा गॅरेजवाला. म्हटलं, ही गाडीबाई इतका युरिया पिते काहून, एकदा नीट सांग.

त्यानं सांगितलं ते माझ्या शब्दांत: डिझेल जळलं की विषारी धूर. तो धूर बाहेर पडायच्या आधी सायलेन्सरच्या वाटेवर हा द्रव त्यावर बारीक फवारला जातो, धुरातलं विष मरतं. म्हणून डिझेल जितकं जास्त जळेल तितका हाही जास्त. साधारण शंभर लिटर डिझेलला चार-पाच लिटर. गाडी भरलेली असली, रस्ता खोदलेला असला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत गेली, की डिझेल जास्त आणि हाही जास्त. उन्हात ठेवलेली बादली खराब होते. झाकण सैल असेल तर तोंडाशी पांढरे खडे धरतात.

"अन् उभ्या गाडीचं?" मी विचारलं.

"उभी, पण इंजन चालू ना? मंग पेनारच."

तिथं माझी ट्यूब पेटली. डायलिसिस झाल्यावर ज्याचं आधी सुटतं तो गाडीत येऊन बसतो, बाकीच्यांची वाट पाहत. घाम फुटलेला, पायात त्राण नाही. म्हणून मी एसी लावून ठेवतो. तास तास. किलोमीटरचा काटा हलत नाही, टाकी मात्र रिकामी होते. झाला हिशेब. विक्री नाही, एसी आहे.

जेवताना हे सगळं सांगितलं, जरा मोठ्यानंच, वहिनीच्याही कानावर जावं म्हणून. दादानं ताटातलं बोट थांबवून विचारलं, "त्यात असते काय नेमकं?"

"युरियाच. एक हिस्सा युरिया, दोन हिस्से पाणी. पाणी मात्र एकदम शुद्ध पाहिजे."

"बस? इतकंच?"

"इतकंच."

१० जुलै, गुरुवार

वर्षावास सुरू. विहारात वाचनाला दादा जाऊन बसला, डावा हात मांडीवर जपून. त्या हाताला शीर जोडलेली आहे, त्यावर वजन घ्यायचं नाही, उशाला घेऊन झोपायचंही नाही.

हाजीसाहेबांना एसीचं सांगितलं. पटलं त्यांना. म्हणाले, महिनाभर बंद ठेवून पाहा, कमी लागलं तर लोकांची तोंडं आपोआप बंद.

१४ जुलै, सोमवार

एसी बंद. काचा उघड्या, गाडी झाडाखाली लावली. करीमभाई आधी सुटले. रुमालानं मान पुसत, "मधूभाई, ये क्या जुलम है?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्यावर नाव आलं का? मंग ठीक हाये. आपुन घाम देऊ." डोळे मिटले त्यांनी. झोपले वाटतं.

वाईट वाटलं. पण पाहू या.

२१ जुलै, सोमवार

युरियाच्या टाकीचा काटा जागचा हलला नाही! म्हणजे थोडा हलला, पण कुठं आधीचं आणि कुठं हे. एवढा फरक एका एसीनं? मला स्वतःलाच खरं वाटेना.

सकाळी दादा गाडी पुसताना सापडला. आता रोजचंच झालंय. मी उठायच्या आत अंगणात जातो, गाडीभोवती माती ओली असते. ओरडलो. "तुला हातावर वजन घ्यायचं नाही सांगितलं ना? बादल्या कायले उचलतो?"

"उजव्या हातानं उचलतो."

"पण कायले?"

"गाडी सगळ्यांची हाये. मी फुकट बसतो तिच्यात. थोडं तर करू दे."

 पुस म्हटलं, पण बादली अर्धीच घे.

संध्याकाळी शेजारचा आला, दादाकडे अर्धं पोतं युरिया पडलंय ते मागायला. कपाशीच्या पऱ्हाटीला द्यायचं होतं त्याला, दुकानात मिळत नाही. दादाचं वावर दोन वर्षांपासून बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं आहे, मग हे पोतं कशाला? तर, "पुढच्या साली आपनच पेरू" म्हणून आतल्या खोलीत फळीवर ठेवलंय. दर उन्हाळ्यात उघडून पाहतो, दमट झालं का. डॉक्टरांनी शेतीचा विषय केव्हाच संपवलाय. पोत्याचा विषय कोणी काढत नाही.

शेजाऱ्याला दादा म्हणाला, "नाही रे, लागते ते मले." शेजारी तोंड वाकडं करून गेला. मी मनात म्हटलं, द्यायला हवं होतं.

२५ जुलै, शुक्रवार

घरात भांडण. आरोच्या पाण्याचा जार आधी चार दिवस पुरायचा, आता दोन दिवसांत रिकामा. वहिनीचा संशय दादावर. त्याला दिवसाला मोजकंच पाणी, आणि हा चोरून पितो म्हणे. रडली ती. "भाऊजी, तुमी समजावा यायले. पानी फुफ्फुसात गेलं का मंग?"

दादा खाली मान घालून ऐकत होता. "नाही पेत वं." एवढंच.

पण गंमत ही की काल दवाखान्यात वजन केलं, तर वाढ नेहमीपेक्षा जास्त नाही. सिस्टरनं उलट शाबासकी दिली. मग पाणी जातं कुठं? वहिनीला म्हटलं, पोरं पीत असतील, शेजारपाजार येत असेल. तिला पटलं नाही.

मलाही हसू आलं या घराचं. गाडीनं प्यावं तर ती पीत नाही, दादानं पिऊ नये तर जार रिकामा.

४ ऑगस्ट, सोमवार

हाजीसाहेब खूश. महिना झाला तरी बादलीत उरलेलं आहे. चार माणसांसमोर म्हणाले, "पाह्य, मी सांगत नव्हतो? मधूभाऊनं एसी बंद केला अन् खप अर्धा झाला." ते चार कोण, मला ठाऊक होतं. मुद्दाम त्यांच्याकडे पाहून चहा प्यायलो, बशीत ओतून, सावकाश.

घरी येऊन सांगितलं. दादाचा चेहरा असा फुलला की मलाच नवल. "मंग? कोनी काही बोललं नाही ना आता?"

"कोन बोलते आता."

"हं." पाटावर हात आपटला त्यानं, उजवा.

फक्त गाडी जरा दम खातेय असं वाटतं. चढाला ओढ कमी. गजाननला दाखवायला हवी. या आठवड्यात नाही, पुढच्या.

७ ऑगस्ट, गुरुवार



मानोरा सोडलं आणि लाल दिवा. मग गाडीची बैलगाडी झाली, कितीही दाबा, वेग नाही. मागे दादा, शांताबाई आणि आणखी दोघं. करीमभाईंचा फोन, "मधूभाई, कितनी देर?" मी म्हटलं, "थांबा, येतोच." एका पुलाजवळ थंड व्हायला बंद केली आणि ती पुन्हा सुरूच झाली नाही. पडद्यावर तेच ठरलेलं वाक्य, आता फक्त किलोमीटरच्या जागी शून्य.

पुन्हा फोन. पुन्हा मी, "येतोच, थांबा." तेव्हा बॉनेटमध्ये डोकं होतं माझं. वाटत होतं होईल, आत्ता होईल.

मागून एसटी आली, चालक ओळखीचा. चौघांना तिच्यात बसवलं. ती मंगरूळच्या स्टँडवर जाते, करीमभाईंच्या चौकातून जात नाही. त्यांना स्टँडवर पळा म्हणून सांगायचं मला सुचलं तेव्हा बस मंगरूळ सोडून गेली होती.

ते म्हणाले, "कोई बात नहीं. सोमवारले जाऊ." आवाजात दम लागलेला होता. उन्हात उभे होते इतका वेळ.

संध्याकाळी दवाखान्यात फोन केला. उद्याच्या गटात जागा नाही, शनिवारी दुपारी आणा म्हणाले. करीमभाईंना कळवलं. गाडी टो करून गजाननकडे टाकली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

गजाननानं टाकी खाली उतरवली. फवारा मारायची नळी पांढऱ्या खड्यांनी गच्च. बोटानं खरवडलं तर चुऱ्यासारखं पडलं. फिल्टर पिवळा. टाकीत उरलेलं पारदर्शक असायला हवं, ते गढूळ.

"मधूभाऊ, वास घ्या."

घेतला. ओळखीचा, पण नाव आठवेना.

"कडूलिंबाचा वास येऊन राह्यला का नाही? खताच्या युरियाले लिंबाचं तेल चोपडलेलं असते. कोनंतरी वावरातला युरिया पान्यात कालवून टाकला यात. एकदा नाही, बऱ्याच डाव."

मी म्हटलं, मी मानोऱ्यात स्टँडजवळच्या दुकानातून गाडीचा युरिया दोनदा सुटा घेतला होता, त्यानं भेसळ केली असेल. तोंडानं हे बोलत होतो आणि डोळ्यांपुढे गाडीभोवतीची ओली माती होती. जार होता. एक हिस्सा, दोन हिस्से होतं.

घरी आलो. दादा विहारात गेला होता. आतल्या खोलीत फळीवर पोतं होतं, घडी घालून, सुतळीनं बांधून, रिकामं. शेजारी वहिनीचं जुनं लुगडं फाडून केलेलं गाळणं, धुऊन वाळत घातलेलं. त्याला तोच वास.

तिथंच खाली बसलो. राग यायला हवा होता. आलाच नाही. फळीवरची ती घडी इतकी नीट होती.

वहिनीला काही बोललो नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच करीमभाईंच्या मुलाचा फोन. बाबांना श्वास घेता येत नाही, अकोल्याला नेतोय. दुपारची वाशीमची वेळ वाट पाहत राहिली.

दादाला सांगितलं. तो ओसरीवर येऊन बसला आणि दिवसभर तिथून हलला नाही. जेवला नाही. "सोमवारी येतो म्हनला होता ना तो?"

१० ऑगस्ट, रविवार

करीमभाई गेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं. गुरुवारी डायलिसिस झालं असतं तर? असं मुलानं विचारलं म्हणे. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मलाही कोणी सांगू शकणार नाही.

हाजीसाहेबांच्या जीपमधून मंगरूळला. दादा हट्टानं आला. कब्रस्तानात पुढे सरकून त्यानं उजव्या हातानं माती दिली, तीनदा, बाकीचे देत होते तशी. अंगात करीमभाईंनी बटणं लावलेला सदरा. पायजम्याला माती लागली ती त्यानं झटकली नाही.

परतताना जीपमध्ये दादाच बोलला. "गाडी कायनं बंद पडली होती रे?"

हाजीसाहेब पुढे बसलेले. मी म्हटलं, "सेन्सर गेला."

"म्हंजे काय?"

"म्हंजे एक पार्ट असते. कंपनीचाच खराब निघाला."

बिचाऱ्या कंपनीवर ढकललं. तोंडात आलं ते बोललो.

११ ऑगस्ट, सोमवार

हाजीसाहेबांनी स्वतःची जीप दिली. चौकातून आलो. टपरीवाल्यानं हात केला, सवयीनं, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात खाली घेतला. शांताबाईनं डोळे पुसले. दादा दुसरीकडे बघत होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं. गाडी दुरुस्त होऊन आली. टाकी धुतली, नळी नवी, फिल्टर नवा. सीलबंद बादली माझ्या डोळ्यांपुढे फोडून भरली. पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही.

नमाजनंतर हाजीसाहेबांनी बोलावलं. गजाननानं त्यांना सगळं सांगितलेलं. या वेळी चहा नाही.

"खताचा युरिया कोनं टाकला, मधूभाऊ?"

मी समोरच्या खिळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

"तो स्टँडवरचा सुटं विकनारा. त्यानंच केलं. आपुन त्याच्यावर अर्ज देऊ, दुकान बंद करू. करीमच्या पोराले मी जबान दिली हाये का कारन सांगन म्हून."

त्या दुकानदाराला मी ओळखतो. एक पाय अधू, दिवसभर स्टुलावर बसून असतो. त्यानं काही केलेलं नाही. आणि त्याचं नाव पुसायचं तर दुसरं नाव द्यावं लागतं. माझं द्यावं, तर एसटीत इतकी वर्षं काढलेला माणूस खत टाकेल यावर हाजीसाहेबांचा विश्वास बसणार नाही. बसला तरी गाडी जाईल माझ्या हातातून, आणि नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत गट वाऱ्यावर. दादाचं द्यावं तर...

दादा अजून पोळा आला की बैलांच्या शिंगांना रंग लावायला शेजाऱ्याकडे जातो, स्वतःचे बैल विकून झाले तरी. माणसाला कळलं की आपल्या हातानं आपलाच दोस्त, तर तो आठवड्यातून दोनदा सुया टोचून घ्यायला कशासाठी जाईल? मी ओळखतो त्याला. एक दिवस म्हणेल, नाही येत.

"सोमवारी सांगतो," म्हटलं. "फेरी करून आलो की येतो दुकानात."

हाजीसाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सोमवारी," म्हणाले.

१७ ऑगस्ट, रविवार

हे लोक डेफ का म्हणत नाहीत. मी का म्हणालो नाही. युरिया, युरिया, पाटीवर युरिया, रिपोर्टवर युरिया, पोत्यावर युरिया. डेफ म्हटलं असतं तर दादानं विचारलं असतं, ते काय असते बापा? आणि गप्प बसला असता.

आणि एसी. त्याचा किती वाटा होता ते आता कधीच कळणार नाही. काटा जागेवर होता तो दादामुळे. एवढ्या उकाड्यात करीमभाईंना मी घामात बसवलं, तेही बहुधा उगाच.

उद्यापासून एसी लावणार आहे. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुरुस्त गाडीतून दादाच्या गटाची पहिली फेरी. करीमभाईंच्या चौकात दादा म्हणाला, "थांबव जरा." थांबवली. कोणी चढायचं नव्हतं. टपरीवाला आत तोंड करून भांडी विसळत राहिला. शांताबाईनं हात जोडले. मग निघालो.

परत येताना दादा पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी. बाकीचे झोपलेले. एसी चालू होता. त्यानं काट्याकडे बोट दाखवलं, "युरियाचा हाच ना?"

"हाच."

"आता जाईन खाली लवकर." मग, "मधू, एक सांगू? रागावू नको."

मी रस्त्याकडे बघत होतो. म्हटलं, सांग.

"लोकं तुले युरियाचोर म्हनून राह्यले होते. तुह्या वयनीजोळ पानवठ्यावर बोलल्या बाया. मले नाही खपलं. तू आयुष्यात कोनाची काडी नाही घेतली. मंग म्या टाकत होतो सकाळी सकाळी, तू उठायच्या आत. एक हिस्सा, दोन हिस्से, तू सांगितला तसाच. लुगड्यातून दोनदा गाळून. पानीबी शुद्ध, जारातलं. वयनीनं बोल लावला, लावू दे म्हटलं."

मी गिअर बदलला. 

"आता पोतं सरलं. म्हून सांगून ठेवतो. तू हाजीसायबाले आधीच सांग का आता जास्त लागन, नाही तर पुन्हा बोलतीन तुले."

"पोतं तर तू पेरायला ठेवलं होतं दादा."

"हो ना. पन मी कायले पेरतो आता." हसला. सदऱ्याच्या बाहीची बटणं एकेक करून लावत होता, मनगटापासून वर. ते काम त्याला नेहमी अवघड जातं, एका हातानं. सगळ्यात वरचं राहिलं. ते तसंच ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"कामी आला ना रे?"

गाडीचा वेग मी कमी केला असेन, मागून कोणीतरी हॉर्न दिला.

"आला, दादा."

त्यानं मान हलवली आणि काचेला डोकं टेकून डोळे मिटले.

त्याला घरी सोडून इथं आलोय. हे गाडीत बसूनच लिहितोय, हाजीसाहेबांच्या दुकानासमोर, इंजिन बंद करून. आत दिवा लागलाय. हाजीसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर करीमभाईंचा मुलगा बसलाय, पाठमोरा. बापासारखीच मान किंचित डावीकडे. स्टँडवरचा तो दुकानदारही आहे, त्याला बोलावून घेतलेलं दिसतंय. स्टुलावर बसलाय, अधू पाय पुढे घेऊन.

हाजीसाहेबांनी मला पाहिलं. आतून हात केला, या म्हणून.

जातो.